चाव्याच्या समोरची कड

मी एक जुना दिरहम आहे, चांदीचा, आणि पुरता गोल नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर माझी गोष्ट ऐकता ऐकता तुमची नजर सारखी माझ्या कडेकडे जाईल आणि तुम्ही मनातल्या मनात म्हणाल, याला कुणी चावलं? मित्रांनो, मला कुणी चावलेलं नाही. कुणी कापलेलंही नाही. मी असाच जन्मलो. पण एवढी साधी गोष्ट लोकांना पटेपर्यंत एका भल्या माणसाची अब्रू पणाला लागली, आणि मला ते सगळं मुकाट्यानं पाहावं लागलं. नाण्यावर तोंड असतं ते राजाचं, आणि ते काही बोलत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका टांकसाळीत झाला. चांदीत थोडं तांबं मिसळून तिथं लांबच लांब पट्ट्या करत. पट्टी यंत्राखालून सरकायची आणि वरून पोलादी ठोकळा धाडकन खाली येऊन गोल चकती पाडायचा. एक ठोका, मग पट्टी पुढं, पुन्हा ठोका, पुन्हा पट्टी पुढं. माझ्या पाळीला पट्टी अडखळली. आधीच्या चकतीचं भोक अजून पुरतं पुढं गेलं नव्हतं, तेवढ्यात ठोकळा खाली आला. माझा नखाएवढा भाग त्या भोकावर पडला, म्हणजे तिथं धातूच नव्हता. मी खाली पडलो तो एका बाजूला चंद्रकोरीएवढा खाल्लेला. शेजारच्या चकत्या फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "अगं बाई, जेवायला बसायच्या आधीच ताट उष्टं!"

पुढच्या यंत्रात चकत्यांची कड उचलायची असते. दोन पोलादी भिंतींमधल्या अरुंद वाटेतून चकती घरंगळत जाते. दोन्हीकडून एकदम दाब पडतो आणि कड वर येते. नुसता एका बाजूचा दाब इथं कामाचा नाही, समोरूनही रेटा हवा. माझा चावा एका भिंतीसमोर आला तेव्हा तिथं रेटा घ्यायला मीच नव्हतो. त्यामुळं चाव्याच्या बरोबर समोर, पार पलीकडच्या टोकाला, माझी कड उठलीच नाही. तेवढी जागा सपाट राहिली. ही खूण लक्षात ठेवा. आयुष्यभरात माझ्या बाजूनं साक्ष देणारी हीच एक होती, आणि तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

मग शेवटचा ठोका बसला. वरून राजाचा चेहरा, खालून राजचिन्ह. एवढ्या दाबाखाली चांदीसुद्धा मळलेल्या कणकेसारखी पसरते. जिथं वाट मिळेल तिकडे जाते. माझ्याकडे वाट होती ती चाव्याची. त्यामुळं चाव्याजवळची दोन अक्षरं काठाकडे ओढली गेली आणि जरा जाडसर, ताणलेली उमटली. सदोष नाणी वेचायला बसलेल्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती. मी तिच्यासमोरून गेलो तेव्हा तिचं नाक रुमालात होतं. अशा रीतीनं मी टांकसाळीच्या दारातून मानानं बाहेर पडलो.

थैलीत माझ्या शेजारी एक गमतीदार भाऊबंद होता. त्याच्यावरच्या राजाच्या गालावर एक बारीक रेघ होती. सगळे म्हणत, याला ओरखडा पडलाय. तो चिडून म्हणायचा, "बोट फिरवून बघा की!" बोट फिरवलं की रेघ बोटाला लागायची, कारण ती वर आलेली होती. त्याला घडवणाऱ्या ठशालाच तडा गेला होता आणि चांदी त्या तड्यात शिरली होती. ओरखडा असता तर तो आत गेला असता. "हा माझा जन्माचा डाग आहे," तो ऐटीत सांगायचा, "तुमच्यासारखा धडपडून मिळवलेला नाही."

तेव्हापासून मी माझ्या अंगावरच्या खुणांची मनाशी दोन गटांत वाटणी केली आहे. काही जन्माच्या आणि काही कमाईच्या. चावा, सपाट कड, ताणलेली अक्षरं या जन्माच्या. कमाईच्या खुणा पुढं मोरोक्कोत आल्यावर भरपूर मिळाल्या. तिझनितच्या बाजारातला एक न्हावी पावडरीचा डबा उघडायला मलाच वापरायचा. राजाच्या कानामागचे तीन ओरखडे त्याची मेहरबानी. एकदा गाढवाच्या गाडीचं चाक माझ्यावरून गेलं आणि कड एका जागी आत चेपली. तिथली चांदी एका बाजूला रेटलेली आजही दिसते. या खुणांबद्दल मी टांकसाळीला बोल लावत नाही. चार माणसांत वावरलं की असं व्हायचंच.

बाजारात मला कुणी आनंदानं घेत नसे. अंडी विकणारी नाक मुरडून परत करायची. पुदिना विकणारा म्हणायचा, "याची उरलेली चांदी ज्याच्या खिशात गेली, त्याच्याकडूनच घे ना सौदा." मग लोकांनी शक्कल काढली. दोन चांगल्या नाण्यांच्या मध्ये मला दाबायचं आणि बोलता बोलता पुढच्याच्या मुठीत सरकवायचं. माझा प्रवास असा पावात लपवलेल्या कांद्यासारखा चालला होता. शेवटी एका संध्याकाळी लोकर विकून आलेल्या लल्ला किल्तूमच्या मुठीत मी याच पद्धतीनं शिरलो.

तिकडे मानाच्या बाईला लल्ला म्हणतात, आणि लल्ला किल्तूम म्हणजे अख्ख्या गल्लीचा धाक. बाई सरळ, सच्ची, कुणाचं फुकटचं पाणी न पिणारी, पण जीभ अशी की समोरच्याचं तोंडचं पाणी पळावं. तिच्या भावाची बायको लवकर गेली होती आणि भाऊ अगादीरच्या बंदरात कामाला. त्याची मुलगी इज्जा किल्तूमनंच लहानाची मोठी केली होती. इज्जाच्या लग्नात तिच्या कपाळावर एकवीस चांदीच्या नाण्यांची पट्टी झळकली पाहिजे, हा किल्तूमचा हट्ट होता. लोकर विकली की एक नाणं ती अर्गानच्या तेलाच्या रिकाम्या बरणीत टाकायची. टाकताना बघायची नाही, आवाज ऐकायची. मी पडलो तेव्हा छान खणखणलो. तेवढ्यावर ती खूष झाली.

बरणीत मी तीन वर्षं राहिलो. ते दिवस सुखाचे होते, फक्त तेलाचा वास अंगाला चिकटला. मग इज्जाचं लग्न ठरलं आणि किल्तूम बरणी काखेत मारून मालेम बिहिच्या दुकानात गेली.

बिहि हा चांदीचा कारागीर. मालेम म्हणजे उस्ताद, आणि हा मान त्यानं तीस वर्षं ऐरणीवर वाकून कमावला होता. माणूस मितभाषी, अंगानं किरकोळ, बोटं मात्र सांडशीसारखी. प्रत्येक दागिन्याच्या मागं तो आपला छोटा ठसा मारायचा, पक्ष्याच्या पावलाच्या आकाराचा. हा ठसा दिसला की दूरच्या डोंगरातल्या बायाही चांदी न तपासता दागिना घ्यायच्या.

तिथल्या कारागिरांची एक रीत होती. मोडीची चांदी तोलून घ्यायची, नाणी मात्र नुसती मोजून. गिऱ्हाईकानं लग्नासाठी आणलेली नाणी एकेक उचलून उजेडात निरखणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणण्यासारखं. बिहिनं एकवीस नाणी तबकात मोजून घेतली, वर रुमाल टाकला आणि चहा मागवला. किल्तूमनं तीन पेले चहा घेतला, पट्टी कशी हवी ते चार वेळा सांगितलं आणि ती घरी गेली. त्या तबकात माझा चावा खालच्या नाण्यावर टेकलेला होता. मी कुणालाच दिसलो नाही.

दुसऱ्या दिवशी बिहिनं कामाला सुरुवात केली. प्रत्येक नाण्याला वर एक चांदीची कडी डाख देऊन जोडायची होती. सातवं नाणं म्हणून त्यानं मला उचललं आणि त्याचा हात थबकला. त्यानं मला इकडून तिकडून फिरवलं. त्याच्या कपाळावर आठी पडली. तो स्वतःशीच पुटपुटला, "आता हिला सांगायचं कसं?"

तुम्हाला वाटेल, सांगायचं त्यात काय? पण बिहि भिडस्त होता. लग्नघरच्या बाईला तिचं नाणं तुटकं आहे असं कळवायचं तर बेतानं, गोड शब्दांत. त्यानं मला बाजूला ठेवलं आणि दुसरं काम हाती घेतलं. बाजूला म्हणजे कुठं? ऐरणीशेजारच्या पाटावर. त्या पाटावर पत्रा कापायची कात्री पडलेली होती, आणि कालच्या कंगणाच्या चांदीचे कातरलेले तुकडे. नेमकी त्याच वेळी लल्ला किल्तूम काम कुठवर आलं ते बघायला दारात येऊन उभी राहिली.

"या अल्ला!" ती तिथूनच ओरडली. "मालेम बिहि, हे काय बघतेय मी?"

बिहि गडबडीनं उठला. "लल्ला, बरं झालं आलात. मीच येणार होतो तुमच्याकडे. हे नाणं…"

"येणार होता! माझं नाणं खाऊन ढेकर द्यायला येणार होता का?"

"मी नाही कापलं ते, लल्ला. आलं तेच तसं."

"आलं तेच तसं! आणि ही कात्री काय नमाजाला बसलीय इथं? हे तुकडे कसले?"

"ते कालच्या कंगणाचे."

"नाणं इथं, कात्री इथं, चुरा इथं, आणि मालेमचे हात दुधानं धुतलेले!"

गल्लीत गर्दी जमायला असल्या वेळी क्षणही लागत नाही. शेजारच्या चहावाल्यानं मान आत घातली. "लल्ला, आधी बसा, चहा घ्या. घसा सुकेल तुमचा."

"चहा? या दुकानात? साखरेचा खडासुद्धा अर्धा कापून घालतील!"

लोक हसले. बिहि हसला नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी पाटावर पडून ओरडत होतो, अहो, माझी समोरची कड बघा! पण माझं ओरडणं म्हणजे उन्हात चकाकणं, दुसरं काय? आणि चकाकलो की सगळ्यांची नजर चाव्याकडेच जायची.

मग अमीन हम्मू आले. अमीन म्हणजे सगळ्या कारागिरांनी मानलेला म्होरक्या. कामावरून तंटा झाला तर निवाडा त्यांचा. वय सत्तरीच्या पुढं, दात मोजके, पण गोड खाण्याची हौस जशीच्या तशी. त्यांनी मला तळहातावर घेतलं.

"लल्ला, तू दिलंस तेव्हा हे अखंड होतं?"

"एकवीस मोजून दिलीत मी."

"मोजलीस. बघितलीस का?"

"माझ्या भाचीच्या लग्नाला मी तुटकं नाणं देईन?"

"मालेम, तू बघितलंस?"

बिहिनं मान खाली घातली. "गिऱ्हाईकाची नाणी निरखायची नाहीत, हे मला बापानं शिकवलंय."

"मग आता बापाला बोलवायचं का साक्षीला?" मागून कुणीतरी बोललं. पुन्हा हशा झाला.

अमीननी हात वर केला. गुरुवारच्या बाजारात, सगळ्या कारागिरांसमोर निवाडा होईल असं त्यांनी सांगितलं. बिहिनं चांदी कातरली असं ठरलं तर त्याचा ठसा ऐरणीवर ठेवून घणानं फोडायचा, ही तिथली शिक्षा. मित्रांनो, ठसा फुटला की कारागीर संपला. हात तेच राहतात, पण त्या हातांवर कुणी विश्वास टाकत नाही. बिहिनं कमरेच्या पिशवीतून आपला ठसा काढला आणि अमीनच्या हातात दिला. "मी कापलं नाही," तो म्हणाला. "पण बघितलंही नाही. तेवढी चूक माझी." मला फार वाईट वाटलं. माझ्या जन्माच्या चुकीची शिक्षा या माणसाला होणार होती.

मला मात्र किल्तूमच्या ताब्यात देण्यात आलं. तिनं मला शालीच्या पदराला गाठ मारून बांधलं आणि घरी नेलं. घरी गेल्या गेल्या ती लिंबू आणि राख शोधायला लागली. बाजारात पुरावा कसा लखलखीत दिसला पाहिजे ना! इज्जानं तिचा हात धरला.

"आत्या, नको. घासलंस तर लोक म्हणतील, तूच काहीतरी केलंस त्याला."

किल्तूमनं लिंबू परत टोपलीत टाकलं. मी सुटकेचा श्वास सोडला. त्या दिवशी मला लिंबानं घासलं असतं, तर चाव्याच्या कडेवरची इतक्या वर्षांची काळपट साय निघून गेली असती आणि चावा कालचाच कापल्यासारखा चकचकला असता. नाणी घासून लख्ख करणाऱ्यांना कळत नाही, की घासताना ती काय काय पुसतात.

बुधवारी घरात लग्नाच्या बिस्किटांची धांदल होती. पुढच्या आठवड्यात लग्न, आणि गल्लीच्या भट्टीत आज त्यांची पाळी. किल्तूमनं रवा, साखर, अर्गानचं तेल आणि नारिंगाच्या फुलांचं पाणी घालून गोळा मळला होता. ती मोठ्ठी पोळी लाटत होती आणि इज्जा चहाचा पेला उपडा दाबून गोल बिस्किटं पाडत होती. मग प्रत्येक बिस्किट अंगठा आणि तर्जनीत समोरासमोर धरायचं, चिमटत चिमटत फिरवायचं, म्हणजे भोवती कड उभी राहते आणि मधला बदाम घरंगळत नाही. मी पदराच्या गाठीतून हे सगळं बघत होतो.

इज्जाचं लक्ष कामात नव्हतं. नवऱ्या मुलीचं कधी असतं? तिनं पेला दाबला तो आधीच्या भोकावर थोडा चढला. बिस्किट निघालं ते एका बाजूनं खाल्लेलं.

"कच्चंच खाल्लंस का गं?" किल्तूम खेकसली. "लग्नाआधी पोट बिघडवून घेशील!"

"कुणी खाल्लं? असंच निघालं ते."

"असंच कसं निघेल?"

"भोकावर पेला गेला, आत्या. हे बघ ना."

इज्जानं पुन्हा पेला भोकावर थोडा चढवून दाबला. पुन्हा तसंच चावलेलं बिस्किट. किल्तूमचं लाटणं हातात तसंच राहिलं. तिनं पदराची गाठ सोडली, मला काढलं आणि त्या बिस्किटाशेजारी ठेवलं. आम्ही दोघं जुळ्या भावांसारखे दिसत होतो. मला इतका आनंद झाला की पिठात लोळावंसं वाटलं.

किल्तूम मात्र हट्टी होती. "मालेमकडेही गोल ठोकळा असणारच," ती म्हणाली. "त्यानंच तसा तुकडा पाडला असेल."

इज्जाच्या बोटांत ते चावलेलं बिस्किट आलं होतं आणि सवयीनं ती त्याची कड चिमटायला लागली होती. चिमटत फिरवत ती चाव्यापाशी आली. अंगठा चाव्याच्या पोकळीत गेला. समोर तर्जनी होती, पण अंगठ्याचा रेटाच नव्हता. तिथली कड उठेना.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "चाव्याच्या समोर कड येतच नाहीये."

"मग?"

इज्जानं मला उचललं, खिडकीपाशी नेलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझा चावा सोडून पलीकडचं टोक बघितलं. सगळीकडे कड उभी, फक्त तेवढ्याच जागी सपाट. ओरखडा नाही, घासल्याची खूण नाही. मग तिनं चाव्याजवळची अक्षरं बघितली. ती ताणलेली होती, तुटलेली नव्हती.

किल्तूम उठली. तिनं एक चांगलं, कड उभी केलेलं बिस्किट घेतलं आणि सुरीनं त्याचा तुकडा कापला. समोरच्या बाजूची कड जशीच्या तशी उभी राहिली. तिनं दुसरं कापलं, मग तिसरं, मग चौथं. इज्जा म्हणाली, "आत्या, पाहुण्यांना काय वाढायचं?" किल्तूम ऐकत नव्हती. पाचव्या बिस्किटानंतर ती मटकन खाली बसली आणि तिनं कपाळाला पीठ भरलेला हात लावला.

"मी त्या माणसाला चारचौघांत चोर म्हटलं," ती म्हणाली. "चहाची साखरसुद्धा काढली त्याची."

मित्रांनो, चुकलो हे स्वतःशी कबूल करणं एक वेळ जमतं. पण गुरुवारच्या भरबाजारात, जिथं आपला आवाज सगळ्यात मोठा असतो, तिथं ते बोलून दाखवणं किल्तूमसारख्या बाईला किती जड गेलं असेल, ते मी तिच्या पदरात बसून अनुभवलं आहे. सकाळी ती दोनदा घराबाहेर पडली आणि दोनदा परत आली. एकदा म्हणे तवा चुलीवर राहिला. तो राहिला नव्हता. तिसऱ्यांदा मात्र ती निघाली, डोक्यावर बिस्किटांचं तबक, मागं कच्ची पोळी आणि पेला घेऊन इज्जा.

अमीन हम्मूंच्या पुढं सगळे कारागीर गोलात बसले होते. मध्ये ऐरण, ऐरणीवर बिहिचा ठसा, शेजारी घण. बिहि एका कडेला उभा होता. त्यानं स्वच्छ पांढरा झगा घातला होता, जसा माणूस मयतीला किंवा ईदला घालतो.

किल्तूम सरळ मध्ये गेली आणि तबक ऐरणीवरच ठेवलं. "घण बाजूला घ्या," ती म्हणाली. "आधी बिस्किटं."

"लल्ला, हा निवाडा आहे, बारसं नाही," अमीन म्हणाले, पण त्यांचा हात तबकाकडे गेला होता.

"ते खाऊ नका, तो पुरावा आहे!"

मग तिनं कच्च्या पोळीवर पेला दाबून दाखवला. चावलेलं बिस्किट चिमटून दाखवलं. चांगलं बिस्किट कापून दाखवलं. मला अमीनच्या हातात देऊन म्हणाली, "आता चावा बघू नका. त्याच्या समोर बघा." अमीननी बघितलं. मला शेजारच्याकडे दिलं, त्यानं पुढच्याकडे. चाळीस कारागिरांच्या बोटांतून मी फिरलो. हे सगळे आयुष्यभर चांदी कापणारे, घासणारे लोक. प्रत्येकाला पटलं की समोरची कड कात्रीनं पुसता येत नाही, आणि कानसीनं पुसली तर कानसीचे दात उमटल्याशिवाय राहत नाहीत. एक जण म्हणाला, "ज्या दिवशी राजाचा चेहरा उमटला, त्याच्या आधीच हा चावा होता." मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

किल्तूम बिहिसमोर उभी राहिली. बाजारभर ऐकू जाईल असा तिचा आवाज फुटला. "मालेम बिहि चोर नाही. मी चुकले. ऐकलंत सगळ्यांनी? परवा जेवढ्यांनी ऐकलं, तेवढ्यांनी आजही ऐका!"

बिहिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो म्हणाला, "लल्ला, तुम्ही न बघता दिलंत, मी न बघता घेतलं. त्या एकाच जागी दोघांचंही लक्ष नव्हतं." अमीननी ठसा उचलून त्याच्या हातात दिला आणि कारागिरांना बजावलं, की आजपासून नाणी दोघांनी मिळून उजेडात बघायची, आणि त्यात कुणी अपमान मानायचा नाही. एवढं बोलून त्यांनी उरलेला पुरावा खायला घेतला.

पट्टीत मला घालायचं की नाही, हा प्रश्न राहिला होता. किल्तूम म्हणाली, दुसरं नाणं देते. इज्जा म्हणाली, हेच हवं, आणि अगदी मधोमध. मग बिहिनं मला कडी जोडली. कडी वर जोडायची तर एकतर चावा झाकला जाणार, नाहीतर समोरची सपाट कड. त्यानं खूप वेळ मला बोटांत फिरवलं आणि शेवटी कडी एका बाजूला बसवली, दोन्ही दिसतील अशी. त्यामुळं मी आजही जरा तिरका लटकतो. कडी थंड झाल्यावर त्यानं ती ऐरणीवर धरली आणि तिच्यावर आपला ठसा मारला. पट्टीतल्या बाकीच्या वीस कड्यांवर ठसा नाही. फक्त माझ्या कडीवर आहे.

लग्नात मी इज्जाच्या कपाळावर होतो. ती नाचताना मी बाकीच्यांपेक्षा उशिरा हलायचो, म्हणून जास्त चमकायचो. गावातल्या बाया मला बोट लावून बघायच्या आणि आपापल्या मुलींना समोरची कड दाखवायच्या. ती माझी चैनीची वर्षं. नंतर मुलींना सोन्याची हौस लागली. पट्टी लोकरीच्या पिशवीत गेली, पिशवी पेटीत, पेटी माळ्यावर. किती वर्षं गेली, मला मोजता आली नाहीत. अंधारात चांदी काळी पडते, एवढंच मला कळत होतं.

परवा पुन्हा उजेड दिसला. इज्जाचे केस आता पांढरे झाले आहेत. कासाब्लांकाहून सी झुबैर, म्हणजे झुबैरसाहेब, हे नाणेसंग्राहक आले होते. टांकसाळीत चुकलेली नाणी गोळा करणं हाच त्यांचा छंद. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि चाव्याकडे बघितलंच नाही. थेट समोर बघितलं. मी सुखावलो. म्हटलं, हा जाणकार!

"अस्सल!" ते जवळजवळ ओरडले. "खाला, ही खरी टांकसाळीची चूक आहे. लोक कात्रीनं कापून असली नाणी बनवतात, पण हे अस्सल आहे." मग भिंग कडीवर आलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अरेरे! कुणी डाख दिला याला? हे नुकसान आहे. एवढं सुंदर नाणं आणि कुणा अडाण्यानं वाटोळं केलं."

इज्जानं त्यांच्यापुढं चहाचा पेला सरकवला.

"पण हरकत नाही," ते पुढं म्हणाले. "माझ्याकडे माणूस आहे. कडी काढून जागा अशी साफ करेल की कळणारही नाही. मग मी तुम्हाला पाचपट देईन."

ते चुकीचं बोलत नव्हते, मित्रांनो. त्यांच्या विद्येप्रमाणं चावा ही जन्माची खूण आणि कडी ही नंतरची इजा. नंतर लागलेलं काहीही असो, नाण्याची किंमत कमी करतं. मीही आयुष्यभर अशीच वाटणी करत आलो होतो.

इज्जानं मला त्यांच्या हातातून परत घेतलं. "बेटा, चाव्याला तू अस्सल म्हणालास, ते बरोबर," ती म्हणाली. "पण चावा यंत्राचा. त्यात कुणाचं मन नव्हतं. भिंग लाव आणि कडीवरचं ते पाऊल बघ. आमच्या घरानं ज्या माणसाला चोर म्हटलं, त्यानं स्वतःचं नाव या नाण्यावर ठोकलंय. ते पुसायला तू मला पैसे देणार?"

सी झुबैरनी भिंग लावलं. खूप वेळ लावून ठेवलं. मग ते हळूच म्हणाले, "कडीला हात लावू नका. आणि घासू नका." एवढं बोलून त्यांनी चहा घेतला आणि ते रिकाम्या हातानं निघून गेले.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी माझ्यासारखा अर्धवट, चेपलेला, चावलेला कुणी आला, तर आधी उजेडात न्या. रेघ वर आलीय की आत गेलीय, बोट फिरवून बघा. चावा दिसला तर त्याच्या समोर बघा. लिंबू, राख, कानस यातलं काही घेऊन धावू नका. एवढं करून खूण जन्माची की कमाईची ते तुम्हाला नक्की कळेल. पण तोवर एक करा. मी ज्याच्या हातात सापडलो, केवळ तेवढ्यासाठी त्याला चोर म्हणू नका.